कोणता मासा, कुठल्या पाण्यातला: जेम्स बेच्या क्री समाजातले पाऱ्याचे प्रकरण

धरण झाले, जंगल पाण्याखाली गेले, माशांत पारा वाढला आणि तो मासे खाणाऱ्यांच्या केसांत सापडला. एवढे कळल्यावर सल्ला सोपा वाटतो: मासे खाऊ नका. कॅनडाच्या उत्तर क्वेबेकमध्ये 1980 च्या दशकात लोकांच्या कानावर पडलेला सल्ला साधारण असाच होता. तो बऱ्याच जणांनी पाळला आणि पारा उतरलाही. तरी या प्रकरणावर 'यशस्वी' असा शिक्का मारताना हात अडखळतो. तो का, ते सांगण्यासाठी हे टिपण. करार, ठिकाणे आणि आकडे सार्वजनिक नोंदींतले आहेत. ज्यांच्या केसांची तपासणी झाली किंवा ज्यांनी ती केली, त्यांतल्या कोणाचेही नाव इथे नाही.

पार्श्वभूमी

जेम्स बे हा हडसन उपसागराचा दक्षिणेकडचा उथळ फाटा. त्याच्या पूर्व किनाऱ्यापासून आत शेकडो किलोमीटर पसरलेला तळ्यांचा, नद्यांचा आणि स्प्रूसच्या जंगलाचा मुलूख क्री या मूळनिवासी लोकांचा आहे. ते त्याला ईयू इस्ची म्हणतात. चिसासिबी, वेमिंजी, ईस्टमेन, वास्कागानिश ही किनाऱ्यावरची गावे, तर मिस्टिसिनी, वास्वानिपी, नेमास्का ही आतल्या भागातली. कुटुंबांचे शिकारीचे टापू ठरलेले असतात आणि प्रत्येक टापूवर एक जाणता माणूस नजर ठेवतो. वसंतात आणि शरदात हंस, हिवाळ्यात बीव्हर, मूस, कॅरिबू, आणि वर्षभर मासा.

या 'वर्षभर' शब्दाकडे नीट पाहायला हवे. मूस मिळेलच असे नसते, हंसांची ये-जा हवामानावर अवलंबून असते. जाळे मात्र तंबूजवळच्या पाण्यात टाकले की सकाळी काहीतरी हाती लागतेच. म्हातारी माणसे, लहान मुले, शिकारीला न गेलेल्या बायका, सगळ्यांना ते जमते. शिकार हुकली तरी मासा असतो, या भरवशावर क्री कुटुंबे महिनोन् महिने जंगलात राहू शकत.

30 एप्रिल 1971 रोजी क्वेबेक प्रांताचे सरकारप्रमुख रोबेर बुरासा यांनी जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. क्री लोकांना आधी कोणी विचारले नव्हते. ते न्यायालयात गेले. नोव्हेंबर 1973 मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी कामाला मनाई दिली, पण आठवड्याभरातच वरच्या न्यायालयाने ती उठवली. शेवटी 11 नोव्हेंबर 1975 रोजी जेम्स बे आणि उत्तर क्वेबेक करार झाला. क्री लोकांना भरपाई मिळाली, स्वतःचे आरोग्य मंडळ आणि शाळा मंडळ मिळाले, शिकार-मासेमारीचे हक्क कायद्याने मान्य झाले. ला ग्रांद नदीवरची धरणेही झाली. त्यांतल्या एलजी-2 या पहिल्या मोठ्या जलाशयात नोव्हेंबर 1978 पासून पाणी साठू लागले. पुढच्या सहा-सात वर्षांत एलजी-3, एलजी-4 आणि कानियापिस्काउ हे जलाशय भरले आणि दहा हजार चौरस किलोमीटरहून जास्त जमीन बुडाली. नदीचा प्रवाह बदलला, मुखाजवळच्या फोर्ट जॉर्ज बेटाचे काठ ढासळण्याची भीती निर्माण झाली, म्हणून 1980 च्या सुमारास ते अख्खे गाव मुख्य भूमीवर हलवले गेले. तेच आजचे चिसासिबी.

पारा हा शब्द क्री लोकांना तेव्हा नवा नव्हता. दक्षिणेकडे लेबेल-स्युर-केव्हियोंच्या कागद गिरणीत क्लोरीन बनवण्यासाठी पारा वापरत, आणि त्या बाजूच्या पाण्यातला मासा खाणाऱ्या क्री लोकांच्या केसांची आणि रक्ताची तपासणी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू होती. जपानमधल्या मिनामातात कारखान्याच्या पाऱ्याने मासे खाणारे लोक आजारी पडल्याची बातमीही पोहोचली होती. शेजारच्या ओंटारिओ प्रांतात ग्रासी नॅरोज इथल्या अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांच्या नदीत रासायनिक कारखान्याने पारा सोडल्याचे उघड झाले होते. म्हणजे पारा म्हटले की डोळ्यांपुढे कारखाना आणि त्याचे सांडपाणी येई. ला ग्रांदच्या खोऱ्यात तर कारखानाच नव्हता.

समस्या

उत्तरेकडच्या मातीत थोडा पारा नेहमीच असतो. काही खडकातून येतो, बराचसा हवेतून, दूरवरच्या कोळशाच्या आणि धातूंच्या भट्ट्यांतून. जमिनीवर तो पालापाचोळ्याला आणि काळ्या कुजलेल्या थराला चिकटून गप्प बसलेला असतो. जमीन पाण्याखाली गेली की तो थर कुजू लागतो, ऑक्सिजन संपतो आणि त्यावर जगणारे जिवाणू या पाऱ्याचे मिथाइलमर्क्युरीत रूपांतर करतात. हे रूप सजीवांच्या अंगात सहज शिरते आणि सावकाश बाहेर पडते. सूक्ष्म जीवांतून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत, असे पायरीपायरीने ते दाट होत जाते. प्रकल्पाची आखणी झाली तेव्हा हा प्रकार फारसा माहीत नव्हता. नव्या जलाशयांतल्या माशांत पारा चढतो हे अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात आणि कॅनडातल्या मॅनिटोबात 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात येऊ लागले. तोवर 1975 च्या करारावर सह्या होऊन गेल्या होत्या.

चढ किती होता? या भागातल्या नैसर्गिक तळ्यांत व्हाइटफिश हा किडे-शिंपले खाणारा मासा किलोमागे 0.05 ते 0.3 मिलिग्रॅम पारा बाळगतो. पाइक हा पक्का शिकारी, त्याच्यात तो मुळातच कॅनडाने विक्रीच्या माशासाठी ठरवलेल्या 0.5 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर असतो. जलाशय भरल्यावर व्हाइटफिशमधला पारा काही पटींनी वाढला, आणि हातभर लांबीच्या पाइकमध्ये तो किलोमागे दीड ते साडेचार मिलिग्रॅमच्या दरम्यान गेला. व्हाइटफिशचा आकडा पाणी भरल्यापासून दहा वर्षांच्या आत शिखरावर पोहोचून उतरू लागतो. पाइकला शिखर गाठायलाच दहाएक वर्षे लागतात आणि मूळ पातळीवर यायला वीस ते तीस.

आकडे ताटात उतरवून पाहू. 200 ग्रॅमचा तुकडा. पाइकमध्ये किलोमागे 2 मिलिग्रॅम धरले तर त्या एका जेवणात 400 मायक्रोग्रॅम. व्हाइटफिशमध्ये 0.15 धरले तर 30. त्या काळी जागतिक पातळीवर मान्य असलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे 3.3 मायक्रोग्रॅम होती, म्हणजे साठ किलोच्या बाईसाठी सुमारे 200. पाइकच्या एका जेवणात दोन आठवड्यांचा वाटा संपला. व्हाइटफिश मात्र तिने आठवड्यात सहा वेळा खाल्ला तरी चालला असता. 2003 मध्ये पोटातल्या बाळाचा विचार करून ही मर्यादा 1.6 वर आणली गेली. तरीही व्हाइटफिश आठवड्यात तीनदा बसतोच. या प्रकरणाची किल्ली या साध्या हिशेबात आहे आणि ती हाती असूनही बरीच वर्षे नीट फिरवली गेली नाही.

त्यातही एक मेख होती. एलजी-2 धरणाच्या खालच्या बाजूला पकडलेल्या व्हाइटफिशमध्ये पारा अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाला, जलाशयातल्या व्हाइटफिशपेक्षाही. सिस्को हे छोटे मासे टर्बाइनमधून खाली येताना मरतात किंवा बधिर होतात. आयते खाणे समोर वाहत आले तर व्हाइटफिश ते सोडत नाही. किडे खाणारा मासा तिथे मासेखाऊ झाला होता. 'व्हाइटफिश चालतो, पाइक टाळा' एवढेही म्हणून भागत नाही, जाळे कुठे टाकले होते ते विचारावेच लागते.

1984 मध्ये चिसासिबीत लोकांची तपासणी झाली. तपासलेल्यांपैकी 64 टक्के लोकांच्या अंगात जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा जास्त पारा निघाला. बातमी वर्तमानपत्रांत गेली. गाव हलवून चार-पाच वर्षेही झाली नव्हती.

तपासणी केसांवरून होत असे, आणि ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना त्या महिन्यातल्या रक्तातला पारा स्वतःत अडकवून ठेवतो. डोक्याच्या मागच्या बाजूने बुडापासून एक बट कापायची, तिचे सेंटीमीटर-सेंटीमीटरचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. टाळूजवळचा तुकडा म्हणजे गेला महिना, बाराव्या सेंटीमीटरचा म्हणजे गेले वर्ष. लांब केसांच्या बाईची बट म्हणजे पाऱ्याचे पासबुकच. माणूस जंगलात राहून मासे जास्त खात होता त्या महिन्यांत आकडा वर जातो, गावात परतला की दोन-तीन महिन्यांत उतरतो, कारण शरीरातला निम्मा मिथाइलमर्क्युरी साधारण पन्नास ते सत्तर दिवसांत बाहेर पडतो. कॅनडाच्या तेव्हाच्या वर्गवारीत केसांत किलोमागे 6 मिलिग्रॅमपर्यंत सामान्य, 6 ते 30 वाढता धोका आणि 30 च्या वर धोका असे तीन टप्पे होते.

मिनामातासारखी ठळक आजारांची साथ इथे आढळली नाही. मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस क्री बालकांची तपासणी केली होती. तिच्यात मुलग्यांमध्ये आईच्या गरोदरपणातला पारा आणि स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेतला सूक्ष्म फरक यांचा संबंध दिसला होता, मुलींमध्ये तसा दिसला नाही. म्हणजे घाबरून जाण्याइतका पुरावा नव्हता, पण दुर्लक्ष करण्याजोगा विषयही नव्हता. अशा मधल्या जागी सल्ला देणे सगळ्यात कठीण असते.

समोरचे पर्याय

मासेमारी बंद करणे हा पर्याय कायद्यानेच बाद होता. हक्क करारात लिहिलेले होते, आणि ज्यांनी धरण मागितले नव्हते त्यांच्याच जाळ्यांवर बंदी घालण्याचा विचार कोणी उघडपणे बोललेही नसते.

अभियांत्रिकी उपायांवर विचार झाला. पाणी भरण्याआधी झाडे तोडली तर? त्याने फारसे साधत नाही, कारण पारा खोडांपेक्षा पालापाचोळ्यात आणि वरच्या काळ्या थरात असतो. तो थर हजारो चौरस किलोमीटरवरून खरवडणे कोणालाच शक्य नव्हते. माशांतला पारा कमी व्हावा म्हणून पाण्यात सेलेनियम हे मूलद्रव्य टाकणे स्वीडनमध्ये करून पाहिले होते, पण जास्त झाले तर सेलेनियमही माशांना मारक ठरते. तळ्यातले मासे मोठ्या प्रमाणात पकडून उरलेल्यांची वाढ झपाट्याने होऊ देणे, म्हणजे वजनाच्या मानाने पारा विरळ होतो, हा उपाय छोट्या तळ्यांत चालतो. एलजी-2 च्या आकाराच्या जलाशयात तो कागदावरच राहतो.

उरले दोन मार्ग. लोकांनी काय खावे ते सांगणे, किंवा लोकांना चांगल्या माशापर्यंत पोहोचवणे. पहिला स्वस्त आणि लगेच होणारा. दुसऱ्याला बोटी, रस्ते, विमानाचे भाडे, शीतपेट्या आणि प्रत्येक तळ्याची तपासणी लागते. यंत्रणा पहिल्याकडे झुकली यात नवल नाही. पैसा येईपर्यंत दुसरे काही हातात नव्हतेही.

काय केले गेले

1986 मध्ये क्री, क्वेबेक सरकार आणि हायड्रो-क्वेबेक ही वीज कंपनी यांच्यात पाऱ्याविषयी वेगळा करार झाला. दहा वर्षांसाठी 1.85 कोटी डॉलर आणि तिघांची मिळून जेम्स बे पारा समिती. मासे तपासणे, लोकांचे केस तपासणे, आरोग्यावरचा परिणाम अभ्यासणे आणि समाजाला त्याची झळ कमी बसेल असे काही करणे, अशी कामे ठरली.

क्री आरोग्य मंडळाच्या लोकांनी गावोगावी केस गोळा केले. ज्यांचा आकडा वर होता त्यांना भेटून समजावले, गरोदर आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांवर विशेष लक्ष ठेवले. मोठे शिकारी मासे कमी खा, लहान आकाराचे आणि मासे न खाणारे मासे खा, जलाशयाऐवजी समुद्राच्या बाजूचा किंवा न बुडालेल्या तळ्यांतला मासा घ्या, असा सल्ला होता. स्वयंपाकात उपाय शोधणाऱ्यांची मात्र निराशा झाली. हा पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनाला बांधलेला असतो. चरबी काढून टाका, उकळा, भाजा, धुरी द्या, तो जात नाही. वाळवला तर पाणी उडते आणि ग्रॅममागे पारा उलट वाढलेला दिसतो. आपल्याकडे कोकणातही हेच गणित लागू पडते. मोरी किंवा मोठी सुरमई यांच्यात पारा जास्त, तारली आणि बांगड्यात कमी, आणि आमटी केली काय किंवा तळले काय, फरक पडत नाही.

सल्ला दवाखान्यातून निघताना असा होता. गावात पोहोचेपर्यंत त्याचे 'मासे विषारी आहेत' झाले. हे कोण्या एकाचे अपयश म्हणता येणार नाही. माशाला वास नाही, रंग बदललेला नाही, खाणारा लगेच आजारी पडत नाही. मग कोणत्या तळ्यातला बरा आणि कोणत्यातला वाईट हे ओळखायचे कसे? लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव डोळ्यांवर आणि हातावर उभा होता. रोगट मासा कल्ल्यांवरून, काळजावरून, मांसाच्या घट्टपणावरून त्यांना कळे. इथे पहिल्यांदाच दक्षिणेतल्या प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावर विश्वास ठेवायची वेळ आली, आणि तोही धरण बांधणाऱ्या कंपनीच्या पैशाने छापलेला. अशा वेळी सावध आईने सगळाच मासा बाजूला ठेवला, तर तिला अडाणी कसे म्हणायचे?

राजकारणही याच काळात तापले. 1989 मध्ये ग्रेट व्हेल नदीवर दुसरा प्रकल्प येणार असे ठरले. क्री आणि इनुइट मंडळी ओडेयाक नावाची, अर्धी होडी अर्धी कयाक अशी नाव घेऊन 1990 च्या वसुंधरा दिनाला न्यूयॉर्कला पोहोचली. धरणांमुळे माशात आलेला पारा हा त्या लढ्यातला एक ठळक मुद्दा होता, आणि तो खराच होता. 1994 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. पण शहरातल्या सभेत सांगायचे वाक्य आणि गरोदर बाईला सांगायचे वाक्य सारखे असू शकत नाही, आणि रेडिओवर दोन्ही एकाच दिवशी ऐकू येत होती. मासे टाळण्याच्या लाटेत या गोंगाटाचा वाटा असावा असा माझा अंदाज आहे. त्यासाठी लढा चुकीचा ठरत नाही.

परिणाम

पाऱ्यापुरते बोलायचे तर उतार स्पष्ट होता. केसांत 15 मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा असलेल्यांचे प्रमाण 1988 मध्ये 14.2 टक्के होते, ते 1993-94 मध्ये 2.7 टक्क्यांवर आले. जलाशयांतले पाइक तेव्हा शिखरावर किंवा शिखराजवळ होते, म्हणजे हा उतार माशांमुळे आला नव्हता, खाणे बदलल्यामुळे आला होता. गावागावांत फरक मोठा होता. ज्यांच्यात पारा जास्त राहिला ते बहुधा पुरुष, वयाने मोठे आणि सापळे लावून शिकार करणारे होते.

हा तपशील वाचून क्षणभर थांबायला हवे. सर्वाधिक पारा कोणात, तर जंगलात राहणाऱ्या वयस्क पुरुषांत. सर्वाधिक धोका कोणाला, तर पोटातल्या बाळाला. हे दोन गट एकमेकांपासून जवळजवळ वेगळे आहेत. साठीतल्या माणसाच्या केसांत 12 मिलिग्रॅम असणे आणि पंचविशीतल्या गरोदर बाईच्या केसांत 12 असणे, या दोन गोष्टींना एकच सल्ला देता येत नाही. म्हाताऱ्याच्या बाबतीत मासा सोडल्याने हृदयाचे आणि साखरेचे होणारे नुकसान पाऱ्याच्या नुकसानीपेक्षा मोठे असू शकते.

आणि साखरेचा प्रश्न समोर उभाच होता. 1970 च्या दशकात मातागामीहून उत्तरेकडे सहाशे किलोमीटरचा रस्ता गेला, दुकाने भरली, नोकऱ्या आल्या, चालणे कमी झाले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रौढ क्री लोकांत मधुमेह शंभरात दोन-तीन जणांना होता. 2010 च्या सुमारास तो जवळपास पाचातल्या एकाला झाला होता. याचा सगळा दोष पाऱ्याच्या सल्ल्यावर टाकणे साफ चूक होईल. गाव हलले, नदी बदलली, टापू बुडाले, मजुरी आली, या सगळ्यांनी आहार बदलला असताच. पण ताटातून मासा गेला त्या जागी काय आले, हे उत्तरेतल्या दुकानाच्या फळीकडे पाहून सांगता येते: डब्यातले खारे मांस, चिप्स, गोड पेये. ताजी भाजी दूरवरून येई आणि महाग पडे. पारा समितीच्या कामाचे यश केसांत मोजले गेले, ताटात मोजले गेले नाही.

आरोग्य मंडळाला हे उमगायला फार वेळ लागला नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच त्यांच्या डॉक्टरांचे लिखाण पाऱ्याचा धोका आणि मासा सोडण्याचा धोका एकाच पानावर मांडू लागले. 2001 मध्ये हायड्रो-क्वेबेकबरोबर नवा पारा करार झाला. त्यात जोर बदललेला दिसतो. आता पैसा मुख्यतः क्री मासेमारी पुन्हा उभी करण्यासाठी होता, आणि तो सांभाळायला ईयू नामेस ही क्री लोकांची संस्था झाली. पंधरा वर्षांपूर्वी महाग म्हणून मागे पडलेला पर्याय असा पुढे आला. 2005 ते 2009 दरम्यान सर्व गावांत पर्यावरण आणि आरोग्य यांची एकत्र पाहणी झाली. तीत केस आणि रक्तातल्या पाऱ्याबरोबर ओमेगा-3, साखर आणि आहार हेही तपासले गेले.

2009 च्या नोव्हेंबरात रुपर्ट नदीचे पाणी वळवून ला ग्रांदच्या दिशेने नेले गेले. क्वेबेक सरकारशी झालेल्या 2002 च्या करारानंतर या प्रकल्पाला क्री नेतृत्वाची संमती होती, नदीकाठच्या गावांतून विरोधही होता. वास्कागानिशजवळ स्मोकी हिल इथे शरदात सिस्को पकडण्याची जुनी जागा आहे. ती टिकावी म्हणून नदीत बांध आणि प्रवाहाचे काम करावे लागले. या वेळी जलाशय भरण्याआधीच माशांतला पारा किती चढेल याचे अंदाज मांडलेले होते. 2013 मध्ये या प्रदेशासाठी माशांची आहार-मार्गदर्शिका निघाली. कोणती जात, कोणते पाणी, महिन्यात किती वेळा, आणि त्याच माशात पोषण काय आहे, हे ती सांगते. 1984 ला जे वाक्य हवे होते ते कागदावर यायला जवळपास तीस वर्षे गेली.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णय 1984 च्या तपासणीचा. केसांचे आकडे हातात आले तेव्हा सल्ला तयार नव्हता. गावनिहाय, तळेनिहाय माशांची मोजणी पुरेशी झाली नव्हती. आकडा लपवून ठेवावा असे मी म्हणणार नाही, लोकांच्या अंगातला पारा जाणून घेण्याचा हक्क लोकांचाच. पण केस गोळा करण्याआधीच 'आकडा वर आला तर उद्या सकाळी काय खायचे' याचे उत्तर तयार ठेवता आले असते. चिसासिबीच्या बाबतीत किनाऱ्यावरचा सिस्को, व्हाइटफिश आणि ब्रूक ट्राउट हे ते उत्तर होते. त्यासाठी फक्त काही शे माशांची आधी तपासणी लागली असती.

दुसरा, 0.5 मिलिग्रॅमचा आकडा. तो बाजारातल्या माशासाठी, कधीमधी मासा घेणाऱ्या शहरी ग्राहकाला धरून ठरवलेला. रोज मासा खाणाऱ्याला तो एका बाजूने सैल पडतो, कारण 0.4 चा मासा रोज खाल्ला तर मर्यादा ओलांडलीच. दुसऱ्या बाजूने तो उगाच कडक ठरतो, कारण वर्षातून दोनदा खाल्लेला 0.8 चा पाइक कोणाचे काही बिघडवत नाही. जेवणांच्या संख्येत सांगितले असते, तर आजीबाईंनाही हिशेब जमला असता.

तिसरा निर्णय कोणी फारसा घेतलाच नाही, तो म्हणजे इशारा मागे घेण्याचा. इशारा द्यायला पत्रकार परिषद होते. उठवायला कोणी बोलावत नाही. एलजी-2 चा व्हाइटफिश 1990 च्या दशकात उतरत होता, त्याच वेळी नंतर भरलेल्या जलाशयांतला पाइक अजून वरच होता. प्रत्येक इशाऱ्यावर पुन्हा तपासणीचे वर्ष छापले असते आणि ते वर्ष आल्यावर टापूच्या जाणत्या माणसाकडून रेडिओवर क्री भाषेत निकाल सांगितला असता, तर 'अजून खायचा की नाही' ही शंका पुढच्या पिढीपर्यंत गेली नसती. ज्या मुलांनी घरात जाळे टाकलेले पाहिलेच नाही, त्यांना मासा सुरक्षित झाल्याचे पत्रक दाखवून काय उपयोग?

चौथी गोष्ट मासे गोळा करण्याची. तपासायचे मासे कंपनीने नेमलेले जीवशास्त्रज्ञ ठरलेल्या ठिकाणी पकडत. क्री कुटुंबे पकडत ती ठिकाणे नेहमी तीच नसत. टर्बाइनखालच्या व्हाइटफिशचा धडा हाच की खाणारा जिथे जाळे टाकतो तिथलाच मासा तपासायचा. शिकारी कुटुंबांनाच पिशव्या, खुणेच्या चिठ्ठ्या आणि थोडे मानधन देऊन नमुने मागवले असते, तर तपासणी ताटाच्या जवळ आली असती, आणि कागदावरच्या आकड्यावर भरवसा ठेवायला निदान एक कारण मिळाले असते, की मासा आपणच दिला होता.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि यावर मतभेद होऊ शकतात. 1.85 कोटींतला मोठा भाग मोजमाप आणि संशोधनाकडे गेला. त्यातूनच आज जगभर नव्या जलाशयांसाठी वापरले जाणारे ज्ञान आले, हे मान्य. पण त्या दहा वर्षांत चिसासिबीच्या प्रत्येक जंगलछावणीला न बुडालेल्या तळ्यापर्यंत जायला इंधन आणि वसंतात विमानाची एक फेरी मिळाली असती, तर केसांतला पारा उतरताना मासा ताटात राहिला असता का, हे पाहता आले असते. 2001 नंतर त्या दिशेने काम सुरू झाले, पण तोवर पाइक खाणाऱ्यांतली बरीच म्हातारी मंडळी निघून गेली होती आणि त्यांच्या नातवंडांना पिझ्झा आवडू लागला होता.